छापलंय एक, आत भलतंच

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातल्या बनावट लिथियम सेलवर ‘९९०० एमएएच’ (म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) छापणाऱ्या माणसाला एकदा समोर बसवून विचारायचंय, बाबा रे, पुरते दहा हजारच का नाही छापलेस? तेवढीच लाज शिल्लक होती का? सेलचा साइझ १८६५०, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब नळकांडं. नामांकित कंपन्या जीव तोडून त्यात साडेतीन हजारांच्या आसपास बसवतात. आणि पाकिटात टांगलेला हा चकचकीत सेल म्हणे त्याच्या जवळजवळ तिप्पट देणार! चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. हा हातात घेतल्यावरच पोकळ लागतो.

मी काही चांद्रयान बनवत नव्हतो. गच्चीवरच्या सोलरच्या टाकीचं तापमान खाली स्वयंपाकघरात दिसावं, म्हणजे पावसाळ्यात सकाळी गीझर लावायचा की नाही ते कळेल, एवढंच. एक ईएसपी३२ (कोड चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड), छोटा डिस्प्ले, स्टीलच्या टोपणातला डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर, १२ व्होल्टचे ५ करायला एलएम२५९६ चिपचं मॉड्यूल, आणि लाइट गेली तर हे वरचे महाशय सेल.

डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक म्हणतं, हा डीएस१८बी२० सेन्सर दोन तारांवरही चालतो, वीज डेटाच्याच तारेतून ओढून घेतो. गच्चीवरून दोन तारांची केबल आलेलीच होती. जोडला. ८५ अंश. सकाळी ८५, रात्री ८५, धो धो पावसात ८५! चिप चालू झाली की काहीही मोजायच्या आधी तिच्यात जो आकडा बसलेला असतो, तो हा. म्हणजे बाईसाहेब मोजतच नव्हत्या. पण सोलरच्या पाण्याला ८५ ऐकून कोणी दचकत नाही ना! आई त्या आकड्यावर विसंबून आंघोळीला गेली. मोरीतून जे ऐकू आलं ते इथे लिहिता येणार नाही. बाहेर आल्यावर वर, “नळाखाली हात धरला असता तरी कळलं असतं की रे!”

खरा संताप पुढेच आहे. माल खोटा असेल हे आपल्या डोक्यातच येत नाही. आपण कोड उसवतो, ४.७ किलोओहमचा रेझिस्टर पुन्हा मोजतो, सगळे जोड नव्याने सोल्डर करतो, लायब्ररी बदलतो. रविवार खड्ड्यात. शेवटी मित्राकडचा खात्रीचा सेन्सर त्याच तारांना, त्याच कोडवर लावला आणि पहिल्या झटक्यात २७ अंश! म्हणजे माझाच सेन्सर बनावट. अरे, मग माझा रविवार कोण परत देणार?

एलएम२५९६ची तीच गत. खरी चिप १५० किलोहर्ट्झवर स्विच होते, म्हणजे सेकंदाला दीड लाख वेळा चालू-बंद. वरचं नाव पुसून नवं छापलेली बनावट चिप ५०च्या आसपास रेंगाळते. मॉड्यूलवरची कॉइल आणि कपॅसिटर मात्र १५०च्या हिशेबाने बसवलेले, त्यामुळे रिपल, म्हणजे व्होल्टेजमधला चढउतार वाढतो आणि चिप तापते. छापलंय ३ अँपिअर, एका अँपिअरलाच तिच्यावर बोट ठेववत नाही. जंपर वायर, म्हणजे जोडणीच्या छोट्या तारा, तर विचारूच नका. चुंबक जवळ नेला की काही पठ्ठ्या टपकन चिकटतात. तांबं म्हणे!

दुकानात विचारलं तर काउंटरवरचा मान वर न करता म्हणतो, “साहेब, सगळे हेच नेतात, कंप्लेंट नाही.” भिंतीवर पाटी, ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ बरोबरच आहे, तुम्ही तरी कशाला घ्याल! मी विचारलं, ओरिजनल आहे का? तर हसून, “ओरिजनल परवडणार नाही तुम्हाला.” अरे, पण किंमत तर सांगा! परवडतं की नाही ते माझं मी बघेन ना! मोठ्या वितरकाकडून ऑनलाइन मागवावं तर सेन्सरपेक्षा कुरिअर महाग. कॉलेजच्या पोरांचं काय होत असेल? सबमिशन उद्या, सर्किट बरोबर, आणि परीक्षक म्हणणार, “तुझं डिझाइनच चुकलंय.”

आणि हे सगळं तपासायचं कशाने? तर त्याच काउंटरवरच्या पिवळ्या मल्टिमीटरने. त्याची ९ व्होल्टची बॅटरी उतरायला लागली की हा पठ्ठ्या प्रत्येक व्होल्टेज वाढवून दाखवतो. परवा सेल ४.६ व्होल्ट दाखवत होता. लिथियमचा सेल, ४.६! भरल्यावर ४.२च्या वर जायचं नसतं त्याने!