देवमाशाच्या ओटीपोटातली ती हाडं कमरेचीच

व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मजकूर वरचेवर फिरत येतो. देवमाशाच्या ओटीपोटातली दोन सुटी हाडं म्हणजे त्याच्या पूर्वजांच्या मागच्या पायांची खूण, हे शाळेत शिकवलं जातं ती थाप आहे, असा त्याचा दावा. कारणं तीन दिली आहेत: ही हाडं प्रजननाच्या कामी येतात, ती कण्याला जोडलेली नसतात, आणि पायांचा देवमासा ही परदेशी शास्त्रज्ञांनी चार तुकड्यांवरून रचलेली कल्पना आहे.

पहिल्या मुद्द्यातलं अर्धं खरं आहे. नराच्या लिंगाची हालचाल करणारे स्नायू या हाडांना जोडलेले असतात. 2014 साली लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी देवमासे आणि डॉल्फिनच्या अनेक जातींची ही हाडं मोजली. माद्यांसाठी नरांमध्ये जिथे चुरस जास्त, त्या जातींत ती मोठी निघाली. तेव्हा त्यांना 'निरुपयोगी अवशेष' म्हणणारी पुस्तकं सुधारायलाच हवीत.

पण गाईत, कुत्र्यात, माणसात हे स्नायू कुठे जोडलेले असतात? कमरेच्याच हाडाला! मजकुराने पुरावा म्हणून जे पुढे केलं, त्यानेच ही हाडं कमरेची ठरतात. पाय गेले, त्या हाडाचं एक काम संपलं, दुसरं उरलं. आज हाड काय करतं आणि ते आलं कुठून, हे दोन वेगळे प्रश्न आहेत; मजकूर पहिल्याचं उत्तर देऊन दुसरा निकालात काढतो.

शिवाय बोहेड देवमाशात कमरेच्या हाडाला लागून मांडीचं हाड असतं, त्याच्या पुढे नडगीचा अवशेषही. स्कॉटलंडचे शरीरशास्त्रज्ञ जॉन स्ट्रदर्स यांनी 1881 मध्येच त्यांचं सांधे आणि स्नायूंसकट वर्णन केलं. डॉल्फिनच्या भ्रूणात मागच्या पायांचे कोंब दिसतात आणि थोड्याच दिवसांत विरून जातात. 2006 मध्ये यामागचं कारणही सापडलं: पायाची वाढ पुढे नेणाऱ्या 'सॉनिक हेजहॉग' या जनुकाचा संदेश त्या कोंबात उमटतच नाही. क्वचित ही वाढ थांबत नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटाजवळ 1919 मध्ये मारलेल्या एका हंपबॅक मादीच्या अंगाबाहेर सव्वा मीटरचे मागचे पाय आले होते. ज्याला पाय कधी नव्हतेच, त्या कुळात हे कुठून येणार?

कण्याशी जोड नाही, हा दुसरा मुद्दा. जमिनीवर अंगाचा भार पेलायचा तर कंबर कण्याला घट्ट हवी. पाण्यात तो भारच उरत नाही. ही जोड सुटल्याचं जीवाश्मांत दिसतं. ॲम्ब्युलोसेटस या पायांच्या आदिम देवमाशात ती शाबूत आहे. पुढच्या काळातल्या जॉर्जियासेटसची कंबर चांगली मोठी, पण कण्यापासून सुटलेली. त्यानंतरचा बॅसिलोसॉरस पंधरा मीटरहून लांब आणि पूर्ण पाण्यातला. त्याचे मागचे पाय इवलेसे, तरी त्यांना गुडघ्याची वाटी, घोटा आणि बोटंसुद्धा आहेत. हे पाय 1990 मध्ये जगासमोर आले.

'चार तुकडे' म्हणणाऱ्यांनी इजिप्तच्या वादी अल-हितानची माहिती घ्यावी. त्या वाळवंटात देवमाशांचे शेकडो सांगाडे आहेत; 2005 पासून ते जागतिक वारसास्थळ आहे.

आणि 'परदेशी कल्पना' हे वाचून तर मला खरंच वाईट वाटतं, कारण यातलं मोलाचं काम आपल्याकडे झालं आहे. जीवाश्मशास्त्रज्ञ अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970च्या दशकात कच्छमधल्या आदिम देवमाशांचं वर्णन केलं. तिथल्याच एका छोट्या देवमाशाला 2000 साली सुनील बाजपेयी आणि हान्स थेविसन यांनी 'कच्छिसेटस' हे नाव दिलं. जम्मूच्या कालाकोटमधले दगड भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जमवून ठेवले होते. त्यांच्या पश्चात ते फोडताना इंडोह्यस या हरणासारख्या छोट्या प्राण्याची कवटी उघडी पडली. तिच्यातल्या कानाच्या हाडाची आतली भिंत देवमाशात असते तशीच जाड होती; म्हणजे हा देवमाशाच्या जवळच्या नात्यातला प्राणी.