विश्व फुगतंय, तरी दीर्घिका एकत्र येतात

‘विश्व प्रसरण पावतंय, मग हजार-हजार दीर्घिकांचे (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या पसाऱ्यांचे) समूह जमलेच कसे? जेम्स वेब अवकाश दुर्बिणीला तर सुरुवातीलाच तयार समूह सापडला. बिग बँग खोटा! डार्क मॅटर ही निव्वळ पळवाट!’ हा फॉरवर्ड प्रतापनगरच्या आमच्या ग्रुपवर पुन्हा आलाय. रमण विज्ञान केंद्राचं तारांगण बघून आलेल्यांनीही तो पुढे ढकललाय.

आधी प्रसरण. ते खरंच आहे, पण मोठ्या अंतरांवर, सरासरीने. जिथे वस्तुमान पुरेसं दाट, तिथे गुरुत्वाकर्षण जिंकतं. देवयानी दीर्घिका सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने आपल्याकडेच येतेय. आता बोला भाऊ!

ही दाटी आली कुठून? विश्वाच्या बालपणीच्या प्रारणात, म्हणजे तेव्हापासून पसरलेल्या किरणांत, जागोजागी लाखात एक भाग इतका फरक आहे. कोबे उपग्रहाने तो १९९२ मध्ये दाखवला. जिथे पदार्थ किंचित जास्त, तिथे आणखी पदार्थ ओढला गेला. आधी लहान गोळे झाले, मग ते एकमेकांत मिसळत गेले. नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला, तसंच. समूह एका दिवसात जन्मत नाहीत, अब्जावधी वर्षं भरत राहतात. काही आजही एकमेकांवर आदळताहेत.

‘डार्क मॅटर ही पळवाट’ याचं उत्तर अशाच एका टकरीत आहे. ‘बुलेट’ समूहात दोन समूह आरपार गेले. तापलेला वायू मधेच रेंगाळला, तो चंद्रा दुर्बिणीला क्ष-किरणांत दिसतो. पण मागच्या दीर्घिकांचा प्रकाश किती वाकतो यावरून वस्तुमान मोजलं, तर बहुतेक वस्तुमान वायूला मागे टाकून पुढे गेलेलं निघालं. २००६ चं हे निरीक्षण. न दिसणारं द्रव्य, म्हणजेच डार्क मॅटर, मानल्याशिवाय याचा उलगडा करणं फार अवघड आहे.

वेबचा ‘तयार समूह’ म्हणजे २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सात दीर्घिका, बिग बँगनंतर साधारण ६५ कोटी वर्षांच्या काळातल्या. सात! कोमा नावाच्या मोठ्या समूहात हजारावर आहेत. ही समूहाची सुरुवात आहे, पुढे ती कोमाएवढी होईल असा अंदाज. त्या काळातल्या काही दीर्घिका अपेक्षेपेक्षा तेजस्वी निघाल्या हे खरं, पण तो प्रश्न तारे किती झपाट्याने बनले याचा आहे.

फॉरवर्डवाल्याला प्रसरणाचा विजयच दाखवायचा होता, तर कन्या समूह घ्यायचा. तो साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरून आपल्याला ओढतो, तरी आपण त्याच्यापासून दूरच चाललोय, आणि त्यात कधी पडू अशी शक्यता दिसत नाही.