दारिसचा पाट आणि आमची बोअर

ओमानमध्ये नवा असताना निझव्याचा दारिस फलज, म्हणजे भूजल उतारानं गावात आणणारा पाट, पाहिला आणि ‘एवढंच?’ असं वाटलं. दगडी पाट, त्यात घोटाभर पाणी. युनेस्कोनं २००६ साली जागतिक वारसा ठरवलेल्या पाच फलजांपैकी हा एक. खरी गंमत नंतर कळली. इथं पाणी वेळेनं वाटतात. साधारण अर्ध्या तासाचा एक ‘अथर’. दिवसा काठीच्या सावलीवर, रात्री ताऱ्यांवर पाळ्या मोजायचे. आता घड्याळं आली. आधी पिण्याचं पाणी, मग मशीद आणि आंघोळ, मग खजूर, शेवटी हंगामी पिकं. पाणी घटलं की शेवटची शेतं पडीक राहतात, खजूर जगतो.

आमच्या ग्रुपवर मात्र वाद एकच: जलयुक्त शिवार चांगलं की वाईट, आणि शेततळी किती झाली. वाटपाबद्दल अवाक्षर नाही. पांझरा, मोसमच्या काठची फड पद्धत आपलीच ना? शिवाराचे फड पाडायचे, एका फडात एकच पीक, शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात. दारं धरणार पाटकरी, मालक नव्हे. टंचाईत एखादा फड कोरडा ठेवला तर झळ सगळ्यांना सारखी.

फलजाला मोटार नसते. भूजल उतरलं की धार बारीक होते आणि ती अख्ख्या गावाला दिसते. बोअरचं उलट. पाणी गेलं की आणखी खोल जायचं. शेजाऱ्याची विहीर आटली तर त्याचं नशीब. वर तेच पाणी प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात भर उन्हात साठवायचं आणि त्याला जलसंधारण म्हणायचं! शेतीसाठीच्या ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा, खोल विहिरींना आळा घालायची तरतूद २००९ च्या भूजल कायद्यात आहे. विचारतो कोण?

फलजाचेही फार गोडवे नकोत. अथर वारशानं मिळतात, विकलेही जातात. हिस्सा नसलेल्यानं भाड्यानं घ्यायचा. मस्कतमध्ये मी पितो ते तर समुद्राचं गोडं केलेलं पाणी. विलासराव साळुंखेंनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरमध्ये उभी केलेली पाणी पंचायत मला याहून पुढची वाटते: पाणी माणशी, भूमिहीनालाही वाटा, ऊस बंद.

हे ग्रुपवर लिहिलं तर चुलतभावाचं उत्तर आलं, “तिकडं बसून सांगायला काय जातंय?” बरोबर आहे त्याचं. सामाईक विहिरीवर आमची पाळी आठवड्यातून दोन दिवस असायची. ती सोडून आम्ही बोअर घेतली, ४०० फूट. पैसे मी इथूनच पाठवले होते.