महापुराचे खापर एकट्या अलमट्टीवर?

जुलै उजाडला की सांगली-कोल्हापूर भागातल्या मोबाइलवर एक मजकूर फिरू लागतो. खाली कर्नाटकात कृष्णेवरचे अलमट्टी धरण होण्यापूर्वी कृष्णा-पंचगंगेला असे महापूर येत नव्हते. धरणाचा फुगवटा पाणी मागे ढकलतो. नदीकाठच्या वस्त्या पूर्वीपासूनच आहेत, त्यांचा पुराशी संबंध नाही. म्हणून अलमट्टीचे दरवाजे उघडे ठेवले की प्रश्न मिटला, असा त्याचा सारांश असतो. ज्यांच्या घरात 2019 आणि 2021 असे दोनदा पाणी शिरले, त्यांचा संताप मी समजू शकतो. परंतु हा मजकूर त्यांच्याच हिताच्या आड येतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पूर्वी महापूर नव्हते, हे म्हणणे टिकत नाही. अलमट्टीत 519.60 मीटरपर्यंत पाणी साठवण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली दिली. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या पूरग्रस्तांना सोनतळीला जागा देण्याचा विषय मात्र 1989 च्या पुरानंतरचा आहे. नृसिंहवाडीच्या दत्त मंदिराचा दक्षिणद्वार सोहळा तर त्याहून कितीतरी जुना आहे. पाणी चढू लागले की उत्सवमूर्ती वरच्या जागी हलवायची, उत्तरेकडून शिरलेले पाणी दक्षिणेच्या दारातून बाहेर पडू द्यायचे, त्यात स्नान करायचे आणि पाणी उतरले की गाळ काढून पुन्हा पूजा मांडायची, ही वहिवाट पूर नेहमीचा असल्याशिवाय पडत नाही.

फुगवट्याचा मुद्दा अधिक काळजीने पाहायला हवा. 22 जुलै 2021 च्या सुमारास महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला, आणि सांगलीत आयर्विन पुलाजवळची पातळी 55 फुटांच्या आसपास गेली. त्याच पावसाने चिपळूणही बुडाले. चिपळूणची वाशिष्ठी पश्चिमेला अरबी समुद्राला मिळते. तिचा अलमट्टीशी काडीचाही संबंध नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर तो पाऊस दोन्ही अंगांनी उतरला. 2019 च्या महापुरानंतर राज्य शासनाने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनेही अलमट्टीला त्या पुराचे कारण ठरवले नाही, तर अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातील अतिक्रमणांकडे बोट दाखवले. धरणाची उंची 524.256 मीटरपर्यंत वाढवण्यास विरोध करणे, किंवा कोयना, वारणा आणि अलमट्टीच्या विसर्गाचा मेळ घालण्याची मागणी करणे, हे वेगळे विषय आहेत आणि त्यांत मी पूरग्रस्तांच्या बाजूने आहे.

आता जमिनीकडे येऊ, कारण सारा घोळ तिथे आहे. सांगलीत नदीकाठच्या सखल, नैसर्गिक वाहत्या भागाला ‘ओत’ म्हणतात. नदी फुगली की पाणी आधी ओतात शिरायचे, तिथे पसरून थांबायचे आणि पातळी उतरली की त्याच वाटेने परत जायचे. त्यालगतची मळीची जमीन पावसाळ्यात बुडायची. मग गाळ बसलेल्या त्या रानात वांगी, भाजीपाला, शाळू घेतला जायचा. म्हणजे जमिनीचा वापर पुराचे वेळापत्रक मानून ठरलेला होता. गेल्या चार-पाच दशकांत तो एकेका तुकड्याने बदलला. मळीत बारमाही ऊस आला. ऐन ऑगस्टमध्ये पुरुषभर उंचीचा दाट फड पाण्याचा वेग कमी करतो. त्याहून मोठा बदल गुंठेवारीने, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने विनापरवाना प्लॉट पाडून विकण्याने केला. कमी किमतीत प्लॉट मिळाला म्हणून कष्टकरी कुटुंबांनी सखल जागा घेतली, आणि 2001 च्या कायद्याने अशा वस्त्या नियमित होण्याची वाट मोकळी झाली. मी त्या कुटुंबांना दोष देत नाही. त्यांना तो प्लॉट ज्यांनी विकला, त्यांनी पुराचे नाव काढले नव्हते.

भरावाने असा काय फरक पडतो, असे विचारले जाते. एक एकर ओतात दोन मीटर भराव टाकला, तर सुमारे 8,000 घनमीटर, म्हणजे 80 लाख लिटर पाण्याची जागा गेली. ते पाणी नाहीसे होत नाही. ते शेजारच्या, जोते न उचललेल्या घरात जाते. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर ही नावे दर पुरात पहिल्या बातमीत येतात, ती उगीच नव्हे. शामरावनगरात तर नदी पात्रात असतानाही पावसाचे पाणी साचून राहते, कारण ते बाहेर पडण्याच्या वाटाच बुजल्या आहेत. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गाचा भराव पंचगंगेच्या पसरट पुराला आडवा जातो. 2019 आणि 2021 मध्ये हा महामार्ग पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद पडला, यावरून पाणी तिथून जाऊ पाहते हे कोणालाही दिसेल. अशा ठिकाणी भरावाऐवजी खांबांवरचा पूल हवा.

पूररेषांच्या नकाशावर निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा, लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, हा नियम आपल्याकडे आहे. पण प्लॉट घेणाऱ्याच्या हातात पडणाऱ्या कागदावर ती रेषा कुठेच नसते. सातबारा आणि मिळकतपत्रिकेवर पूररेषेची नोंद असावी, उरलेले ओत मोजून त्यांच्या हद्दीवर दगड रोवावेत आणि तिथे भराव टाकणाऱ्या डंपरला जागेवरच अडवावे. यांतल्या कशासाठीही कर्नाटकाची परवानगी लागत नाही.