पोटातली महाधमनी फुटली म्हणजे सगळं संपलं?

'पोटातली मोठी रक्तवाहिनी फुटली की काही मिनिटांत खेळ खलास, आइन्स्टाइनही वाचला नाही. पोटात उडणारा गोळा लागला तरच ती फुटलीय, नाहीतर मुतखडा समजा. बीपी पडला तर भराभर सलाईन चढवा.' हा मेसेज घरोघरी फिरतोय. यातल्या एकेका वाक्यापायी जीव जाऊ शकतो.

आधी आइन्स्टाइन. 1948 मध्ये शल्यविशारद डॉ. निसेन यांनी त्यांच्या महाधमनीचा फुगवटा (कमजोर होऊन फुगलेला भाग, फुटतो तो हाच) सेलोफेनच्या पातळ पापुद्र्याने गुंडाळला, कारण फुगलेला भाग काढून नवी नळी बसवणं तेव्हा जमत नव्हतं. ते पॅरिसमध्ये शल्यविशारद द्युबोस्त यांनी 1951 मध्ये करून दाखवलं. एप्रिल 1955 मध्ये फुगवटा फुटला तेव्हा आइन्स्टाइननी शस्त्रक्रियेला नकार दिला. तो त्यांचा हक्क होता. पण त्यावरून आपल्या वडिलांना घरीच ठेवायचं?

'काही मिनिटांत' हे अर्धं खरं आहे. पुष्कळ जण दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाहीत. पण धमनी मागच्या बाजूला फुटली, तर आजूबाजूचे पेशीजाल आणि रक्ताची गुठळी ते भोक काही काळ दाबून धरतात. कधीकधी काही तास मिळतात.

गोळ्याचं म्हणणं सर्वांत घातक. दुखणं, पडलेला बीपी आणि उडणारा गोळा ही तिन्ही लक्षणं एकत्र निम्म्याहून कमी रुग्णांत दिसतात. पोट सुटलेलं असेल तर गोळा हाताला लागतच नाही. कळ कमरेत, कुशीत, जांघेत उतरते, म्हणून मुतखड्याचा शिक्का बसतो. साठीनंतर, त्यातही विडी-सिगारेट ओढणाऱ्याला, आयुष्यात पहिल्यांदाच 'मुतखड्याची' कळ आली, तर आधी महाधमनी बघा. खाटेजवळच्या सोनोग्राफीत फुगवटा (3 सेंटीमीटर किंवा जास्त) पटकन दिसतो. गळती मात्र तीत हमखास दिसत नाही. त्यासाठी सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) लागते.

आणि सलाईन! दाब वाढला की तीच गुठळी सुटते, शिवाय रक्त पातळ होऊन गोठेनासं होतं. रुग्ण शुद्धीवर असून बोलत असेल, तर वरचा बीपी 70 ते 90 पुरतो. द्यायचंच तर रक्त द्यावं, आणि तेवढ्यासाठीही शस्त्रक्रिया अडवू नये.

आता जांघेतून नळी सरकवून आतून स्टेंट ग्राफ्ट (जाळीचा आधार असलेली कापडी नळी) बसवता येतो, अनेकदा फक्त जागा बधिर करून. ब्रिटनमधल्या 'इम्प्रूव्ह' चाचणीत 613 रुग्ण होते. आधी स्टेंटचा मार्ग धरलेल्या गटात 30 दिवसांत 35 टक्के दगावले, पोट उघडून केलेल्यांत 37 टक्के. म्हणजे शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचलेल्या तिघांपैकी जवळपास दोघे महिन्यानंतर जिवंत होते.