भाचीने विचारलं, म्युझिक जर्नालिझम शिकू का?

गेल्या आठवड्यात भाचीचा मेसेज आला, "मावशी, मी युनिव्हर्सिटीत म्युझिक जर्नालिझमला अप्लाय करू का? आई म्हणतेय गाण्यांवर लिहायला डिग्री कशाला लागते." दहा मिनिटांत ताईचाच फोन, "तूच समजाव गं तिला, तू केलंयस ना हे सगळं." दोघींना एकदाच उत्तर द्यायचं म्हणून लिहायला बसले तर ते इतकं लांबलं की म्हटलं इथेच टाकावं, कारण अ‍ॅडमिशनचे दिवस आले की हाच प्रश्न मला आणखी चार-पाच जण तरी विचारतातच.

आधी ताईची बाजू, कारण तिच्या बोलण्यात तथ्य आहे. या क्षेत्रात ज्यांची नावं आदराने घेतली जातात त्यातल्या बहुतेकांनी असला कुठलाही कोर्स केलेला नाही. पॉल विल्यम्सने १९६६ मध्ये 'क्रॉडॅडी' हे रॉक संगीतावरचं अमेरिकन मासिक काढलं तेव्हा तो १७ वर्षांचा होता, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. ज्यूली बर्चिल १९७६ मध्ये 'एनएमई' या ब्रिटिश संगीत साप्ताहिकात लागली तेव्हा तीही १७ ची. रायन श्रायबरने १९९६ मध्ये 'पिचफोर्क' ही संगीतावरची वेबसाइट सुरू केली ती शाळा संपवून रेकॉर्डच्या दुकानात काम करता करता. आणि कॅमेरॉन क्रोची 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन मासिकातली पहिली कव्हर स्टोरी डिसेंबर १९७३ ची, ऑलमन ब्रदर्स या रॉक बँडवरची, वय वर्षं १६! मग आमच्या पोरीने फी भरून तीन वर्षं का घालवायची?

मला यावर जे वाटतं ते असं की ही सगळी मंडळी शिकलीच, फक्त वर्गात नाही शिकली. क्रोचंच बघा. बँडबरोबर दौऱ्यावर फिरला, मुलाखती घेतल्या, आणि शेवटी बँडचा गायक ग्रेग ऑलमनला संशय आला की हा पोरगा पोलिसांचा माणूस तर नाही, त्याने टेप्सच काढून घेतल्या, त्या नंतर परत मिळाल्या. अशा वेळी १६ वर्षांच्या मुलाच्या पाठीशी कोण होतं? बेन फाँग-टोरेससारखा संपादक होता, मासिकाचं अख्खं ऑफिस होतं. तिथे कुणीतरी तुमची कॉपी, म्हणजे लिहिलेला मजकूर, अर्धी कापायचं, कुणीतरी विचारायचं की हे तुला कोणी सांगितलं, कुणीतरी वकिलाला दाखवून यायचं, आणि शेजारच्या टेबलावर वीस वर्षं हेच काम केलेला माणूस फोनवर कसा बोलतो ते कानावर पडत राहायचं. ते ऑफिस हीच शाळा होती, आणि वर पगार देणारी शाळा.

ती शाळा आता जवळपास उरली नाहीये. 'मेलडी मेकर' हे ब्रिटनमधलं संगीतावरचं नियतकालिक १९२६ चं, ते २००० मध्ये बंद झालं. 'एनएमई'ने १९५२ मध्ये ब्रिटनचा पहिला सिंगल्स चार्ट छापला होता, त्यांचा छापील साप्ताहिक अंक मार्च २०१८ मध्ये थांबला. 'क्यू' हे संगीत मासिक २०२० मध्ये गेलं. 'पिचफोर्क' २०१५ मध्ये काँडे नास्ट या प्रकाशन कंपनीने विकत घेतलं आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्याच 'जीक्यू' या पुरुषांच्या मासिकाच्या छत्राखाली ढकलून बऱ्याच लोकांना कमी केलं. आता १७ वर्षांच्या मुलीला लिहायला जागा भरपूर आहे, फोन उघडला की जागाच जागा, पण तिची कॉपी कापणारं कोणी नाही. मी युनिव्हर्सिटीच्या बाजूने बोलते ते एवढ्यासाठीच. जे काम साप्ताहिकांची ऑफिसं करायची ते आज करण्याची ऐपत आणि सवड असलेली मला तरी दुसरी जागा दिसत नाही.

आता प्रत्यक्षात काय शिकवतात, ते सांगते. पहिल्या सेमिस्टरची पहिली असाइनमेंट, एका गाण्यावर ३०० शब्द. मी जीव ओतून लिहिलं होतं, माझ्या सगळ्यात लाडक्या गाण्यावर. कागद परत आला तेव्हा प्रत्येक विशेषणाभोवती गोल होता. काळजाला भिडणारा, जादुई, अप्रतिम, मंत्रमुग्ध करणारा, सगळे गोलात. खाली एकच ओळ, "हे तुझ्याबद्दल कळलं, गाण्याबद्दल सांग." मला फार लागलं होतं ते. पण दुसऱ्यांदा लिहायला बसले तेव्हा जाणवलं की या गाण्यात ड्रम्स कधी सुरू होतात हे मला माहीतच नाही! शेकडो वेळा ऐकलेलं गाणं. मग शांत बसून ऐकलं, तर पहिलं कडवं पूर्ण होईपर्यंत ठेकाच नाहीये, फक्त गिटार आणि आवाज, आणि ड्रम्स येतात तेव्हा गायिका एकदम मागे सरकल्यासारखी वाटते कारण तिच्या आवाजावरचा घुमारा वाढवलाय. मला जे "जादुई" वाटत होतं ना, ते हे होतं, आणि ते नेमकं सांगता येत होतं. त्या दिवसापासून माझं ऐकणंच बदललं.

ऐकण्याचे तास वेगळेच असायचे. नाव न सांगता रेकॉर्डिंग लावायचं आणि काय ऐकू येतंय तेवढंच लिहायचं. जॅझ समीक्षक लेनर्ड फेदर हे 'ब्लाइंडफोल्ड टेस्ट' नावाने मोठमोठ्या वादकांबरोबर करायचे. १९५१ मध्ये ट्रम्पेटवादक रॉय एल्ड्रिज म्हणाले की वाजवणारा गोरा आहे की काळा हे मी नुसतं ऐकून ओळखतो, टेस्ट घेतली तर बऱ्याच वेळा चुकले, आणि चुकलो हे त्यांनी मोकळेपणाने मान्यही केलं. एवढा मोठा वादक, आयुष्यभर हेच ऐकत आलेला माणूस. मग आपण कव्हरवरचं नाव, फोटो, फॉलोअर्सचा आकडा बघून आधीच मत बनवून बसतो त्याचं काय? आमच्या वर्गात एकदा मी ज्या बँडची चेष्टा करायचे त्याचंच गाणं नाव न सांगता लावलं गेलं आणि मी त्यावर पान भरून कौतुक लिहिलं. नाव कळल्यावर मी ते बदललं नाही, तसंच दिलं. हा माझ्या शिक्षणातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस होता असं मी आजही मानते.

शब्दांचंही तसंच. १९४९ पर्यंत 'बिलबोर्ड' मासिकात कृष्णवर्णीय कलाकारांच्या संगीताच्या चार्टला 'रेस रेकॉर्ड्स' म्हणायचे. तिथे काम करणाऱ्या जेरी वेक्सलरला ते खटकलं, त्याने 'रिदम अँड ब्लूज' हे नाव सुचवलं आणि मासिकाने ते घेतलं. एका पत्रकाराने निवडलेले शब्द, आणि आज जगभर लोक ते संगीताच्या प्रकाराचं नाव म्हणून वापरतात. आपण कोणाला 'लोकल', कोणाला 'क्लासिक', कोणाला 'वर्ल्ड म्युझिक' म्हणतो त्याचं वजन कळायला बसून चर्चा लागते, वेळ लागतो, आणि कोणीतरी टोकणारं लागतं.

पण खरं सांगू का, कोर्सच्या नावात मला आता 'म्युझिक'पेक्षा 'जर्नालिझम' जास्त मोठं वाटतं. बहुतेक मुलं पहिल्या शब्दासाठी येतात, मीही तशीच आले होते. दुसऱ्या शब्दाची ताकद मला एका उदाहरणाने कळली. २००० साली 'शिकागो सन-टाइम्स'चे संगीत समीक्षक जिम डेरोगॅटिस यांनी आर. केली या लोकप्रिय गायकाच्या अल्बमचं परीक्षण लिहिलं, त्यानंतर त्यांना एक निनावी फॅक्स आला, की या माणसाला अल्पवयीन मुलींचा प्रॉब्लेम आहे. समीक्षक म्हणून तो कागद बाजूला टाकता आला असता ना. त्यांनी कोर्टाच्या बातम्या करणाऱ्या सहकाऱ्याला बरोबर घेतलं, कोर्टातली कागदपत्रं काढली, माणसांशी बोलले, आणि त्याच डिसेंबरमध्ये बातमी छापली. पुढे २००८ मध्ये केली शिकागोच्या खटल्यातून सुटला. डेरोगॅटिस तरीही लिहीत राहिले. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने केलीला दोषी ठरवलं, २०२२ मध्ये ३० वर्षांची शिक्षा झाली. मधली वीसेक वर्षं रेडिओवर गाणी वाजत होती, अ‍ॅवॉर्ड मिळत होते, आणि एक संगीत समीक्षक त्या मुलींचं म्हणणं ऐकून घेत होता. हे लिहिताना आजही माझा गळा भरून येतो.

असं काम नुसत्या संगीताच्या प्रेमावर होत नाही. कोर्टाचे कागद कसे मिळवायचे, बदनामीचा कायदा काय म्हणतो, 'ऑफ द रेकॉर्ड' कधी ठरतं (बोलण्याच्या आधी, नंतर नाही, यावर आमचं एक अख्खं लेक्चर झालं होतं), घाबरलेल्या माणसाशी कसं बोलायचं, एका बाईने सांगितलेलं दुसरीकडून कसं पडताळायचं, हे सगळं शिकावं लागतं. आणि हे चुकत चुकत शिकायचं क्षेत्र नाही, इथे चूक झाली की समोरच्या माणसाचं नुकसान होतं.

पैशांचा भाग मला सुरुवातीला रटाळ वाटायचा, आता वाटतं तो पहिल्याच वर्षी शिकवावा. प्रत्येक रेकॉर्ड झालेल्या गाण्यात दोन वेगवेगळे हक्क असतात, एक रचनेचा म्हणजे शब्द आणि चाल, आणि दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. दोन्हीचे मालक वेगळे असू शकतात, दोन्हीचे पैसे वेगळ्या वाटेने येतात. एवढं कळलं की निम्म्या बातम्या उलगडतात, एखादी गायिका आपलेच जुने अल्बम परत का रेकॉर्ड करते, एखाद्या गीतकाराने आपला सगळा कॅटलॉग, म्हणजे सगळ्या गाण्यांचे हक्क, का विकला, स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की प्ले मोजला जातो त्याने कोणाचा फायदा. हे न समजता लिहिणाऱ्याला कंपनीचं प्रेस रिलीज थोडं फिरवून टाकण्यापलीकडे काही करता येत नाही, आणि आज तेच सगळीकडे दिसतं.

माझ्या कोर्सवर माझी नाराजीही आहे, ती लपवत नाही. इतिहासाचा पेपर म्हणजे जवळजवळ सगळा गिटारवाल्या बँडचा इतिहास होता, रॅप आणि डान्स म्युझिकला मिळून दोन लेक्चर्स, आणि एलन विलिस, जी १९६८ मध्ये 'न्यू यॉर्कर' या अमेरिकन साप्ताहिकाची पहिली पॉप समीक्षक झाली, तिचं नाव मला लायब्ररीत स्वतः शोधताना सापडलं. फ्रीलान्स काम म्हणजे काय, इनव्हॉइस कसं पाठवायचं, पैसे तीन महिने आले नाहीत तर काय करायचं, यावर एक शब्द नाही. ते मी नंतर रडत शिकले. एक घंट्याची मुलाखत उतरवून काढायला चार तास लागतात, मानधन मात्र छापलेल्या शब्दांवर मिळतं, हेही कोणी आधी सांगितलं नव्हतं.

आणि ताई, तुझा खरा प्रश्न नोकरीचा आहे हे मला माहितीये. डिग्रीने नोकरी मिळत नाही गं, सरळच सांगते. आमच्या वर्गातले थोडेच आज पूर्णवेळ संगीतावर लिहितात. बाकीचे रेडिओत आहेत, पॉडकास्ट एडिट करतात, लेबलमध्ये म्हणजे रेकॉर्ड कंपनीत किंवा महोत्सवांच्या प्रसिद्धीत आहेत, दोघी चक्क आरोग्यावर बातम्या करतात आणि उत्तम करतात, कारण पडताळणी आणि मुलाखत त्यांना पक्की येते. तुला हे धोक्याचं वाटत असेल तर त्यात चूक काही नाही. मात्र "गाण्यांवर लिहायला काय लागतं" हे वाक्य मला मान्य नाही. शूमनसारख्या जर्मन संगीतकारालाही लाइपझिगमध्ये १८३४ साली स्वतःचं संगीतावरचं नियतकालिक काढून दहा वर्षं ते चालवावंसं वाटलं होतं, आणि एदुआर्ड हान्सलिक १९ व्या शतकातच व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात समीक्षा लिहीत तिथल्या विद्यापीठात संगीताचा इतिहास आणि सौंदर्यशास्त्र शिकवायचा. हे कालपरवाचं फॅड नाहीये.

भाचीला मी एवढंच म्हटलं की कोर्स निवडताना चकचकीत स्टुडिओचे फोटो बघू नकोस. शिकवणाऱ्यांचं गेल्या वर्षभरात काही छापून आलंय का ते बघ. मीडिया लॉ सक्तीचा आहे का विचार. विद्यार्थ्यांचं स्वतःचं मासिक किंवा रेडिओ आहे का, आणि तुझी कॉपी खुणा करून परत मिळणार का नुसते मार्क मिळणार, हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचार. खुणा मिळत नसतील तर तिथे जाऊ नकोस, मग नाव कितीही मोठं असो.

आणि एक काम दिलं. तुला अजिबात न आवडणारं एक गाणं निवड, तीनदा ऐक, आणि ज्याला ते आवडतं त्यालाही पटेल असे २५० शब्द लिहून पाठव. रविवारी रात्री पाठवलेन तिने. अकरा विशेषणं होती, मी सगळ्यांना गोल करून परत केलं. वाटलं आता दोन दिवस फुगून बसेल. मंगळवारी पहाटेच दुसरा ड्राफ्ट आला, त्यात एक वाक्य होतं की दुसऱ्या कडव्यात बेस अचानक थांबतो आणि तेव्हा पहिल्यांदा कळतं की तो इतका वेळ वाजत होता. मी ते गाणं काढून ऐकलं. खरंच थांबतो. मला कधी ऐकूच आलं नव्हतं. ताईला फोन करून ते वाक्य वाचून दाखवलं, ती जरा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "फॉर्म कधीपर्यंत भरायचाय?"