ग्वाल्हेरचा नालबंद

जून आला की राणी लक्ष्मीबाईंच्या आठवणीने समाजमाध्यमांवर सगळ्यांच्या भिंती भरून जातात. मी आज एका नालबंदाबद्दल लिहितेय, आणि तोही समोरच्या फौजेतला.

१७ जून १८५८ रोजी ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय इथे राणीच्या फौजेवर ब्रिटिश घोडदळाची जी पलटण चालून गेली, ती ८वी किंग्ज रॉयल आयरिश हुसार्स. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हाला रशियन तोफांवर घोडे घालणाऱ्यांत हीच पलटण होती. ग्वाल्हेरच्या हल्ल्यासाठी चौघांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश सैन्यातलं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं आणि त्यांची निवड त्यांच्या सोबत्यांनीच केली. कॅप्टन हेनेज, आयर्लंडमधल्या कॉर्क परगण्यातल्या किन्सेलचा सार्जंट जोसेफ वॉर्ड, शिपाई पिअर्सन आणि जॉर्ज हॉलिस. हॉलिस जन्माने इंग्लंडचा, ग्लॉस्टरशरचा. हुद्दा फॅरियर, म्हणजे नालबंद.

त्या यादीत हा हुद्दा वाचला आणि मी थबकले. खूर नखासारखा वाढतच राहतो. पाच-सहा आठवड्यांनी नाल उपटायचा, खूर तासायचा, पुन्हा नाल ठोकायचा. एक खिळा जरा आत, जिवंत भागात गेला की घोडा लंगडला आणि स्वार पायी आला. भर उन्हाळ्यातल्या कूचीत हे काम सांभाळायचं, आणि हल्ल्याच्या वेळी इतरांसारखंच घोड्यावर मांड टाकायची.

हॉलिसला मी वीर म्हणणार नाही. तो आमच्या राणीच्या फौजेवर चालून गेला होता. वॉर्डबद्दल तर जीव तुटतो. १८४५पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात ज्या राजवटीखाली आयर्लंडमधली लाखो माणसं मेली, तिच्याच वर्दीत हा किन्सेलचा मुलगा आमच्या माणसांवर तलवार उगारत होता.

पण त्यांच्या नालबंदाला निदान नाव आहे. आपल्याकडे मराठेशाहीत मोहिमेआधी घोडा सज्ज करायला शिलेदाराला, म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणाऱ्या स्वाराला, आगाऊ रक्कम मिळायची, तिलाच नालबंदी म्हणत. नालावरून सरकारी पैशाला नाव पडलं, इतकं ते काम मोलाचं! तरी पाठ्यपुस्तकात मला एकही नालबंद नावानिशी भेटला नाही. राणीचा नवा घोडा ओढ्याकाठी अडला, ही आख्यायिका लहानपणापासून ऐकतेय. त्या घोड्याला नाल ठोकणाऱ्या हातांचा विचार मात्र माझ्याही मनात आजवर आला नव्हता, याचं फार वाईट वाटतं.

मोडी वाचणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, कळकळीची विनंती आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात काम करताना एखाद्या नालबंदाचं नाव दिसलं, तर तेवढं उतरवून घ्या आणि मला पाठवा.